आधी बांध, मग बाग

पुण्याच्या बंडगार्डनचा बंडाशी काही संबंध नाही, हे पुणेकरांना सांगायला नको. पण आमच्या इंदापूर-बारामतीकडून पुण्याला शिकायला गेलेली बरीच पोरे काही दिवस तरी तशी समजूत करून घेतात. जवळ लष्कराचा कॅम्प, पलीकडे येरवड्याचा तुरुंग; तेव्हा इथे कुणीतरी इंग्रजांविरुद्ध बंड केले असेल आणि त्यावरून बागेला नाव पडले असेल, असा तर्क करायला जागा आहेच. खरी गोष्ट फार साधी आहे. साहेबाने फारसी-हिंदुस्तानीतला 'बंद' म्हणजे बांध हा शब्द उचलला, त्याचा 'बंड' केला आणि त्याच्यापुढे गार्डन जोडले. बंडगार्डन म्हणजे बंधाऱ्याजवळची बाग. नावातच सगळा इतिहास आहे आणि, मला वाटते, आज नदीकाठांच्या सुशोभीकरणाचा जो वाद पुण्यापासून बारामतीपर्यंत चालू आहे, त्याचे अर्धे उत्तरही त्या नावातच आहे.

मुळा आणि मुठा पुण्यात संगमावर एकत्र येतात. तिथून थोडे खाली, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला म्हणजे १८५०च्या सुमारास, नदीवर दगडी बंधारा घातला गेला. त्यासाठी मोठी देणगी दिली ती मुंबईचे पारशी दानशूर सर जमशेटजी जीजीभॉय यांनी. १८४२ साली 'सर' झालेले आणि १८५७ मध्ये बॅरोनेट झालेले हे तेच जमशेटजी, ज्यांच्या नावाचे रुग्णालय मुंबईत आजही गोरगरिबांची गर्दी सांभाळते आहे. बंधाऱ्याचा हेतू सरळ होता. पाणी अडवायचे, उपसायचे आणि कॅम्पाला पुरवायचे. पुणे शहराला पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या नळाचे पाणी होते, हौद होते. कॅम्पाला मात्र स्वतःची सोय हवी होती. म्हणजे मूळ योजनेत पक्षपात होताच, तो लपवण्यात अर्थ नाही. गोऱ्यांच्या वस्तीसाठी ते पाणी होते, पेठांसाठी नव्हते.

पुढे १८६९ मध्ये बंधाऱ्याजवळच पूल झाला. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव त्याला दिले गेले. कॅप्टन सेलन नावाच्या लष्करी अभियंत्याने तो बांधला. दोन्ही टोकांना दगडी सिंह असलेला हा कमानींचा पूल ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी पुण्याला गेल्यावर जरूर पाहावा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तो लोंढाही त्याने पचवला. बंधारा, पूल आणि त्यांच्या शेजारी उतरत्या काठावर हिरवळ, फुलांचे ताटवे, वळणावळणाच्या वाटा. अडवलेल्या पाण्याचा रुंद, शांत पट्टा समोर. संध्याकाळी लष्करी बँड. साहेब आणि मडमा बग्गीतून हवा खायला येत. स्वातंत्र्यानंतर बागेला महात्मा गांधींचे नाव मिळाले आणि ते तिथे शोभूनही दिसते, कारण पुलापलीकडच्या येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी अनेक महिने काढले आणि सप्टेंबर १९३२ मधला पुणे करारही तिथलाच.

या सगळ्यात एका गोष्टीकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, ती म्हणजे क्रम. आधी बंधारा, मग पूल, आणि त्यांच्या आधाराने बाग. पिण्याजोगे पाणी नदीत होते म्हणून बंधारा घातला. बंधाऱ्यामुळे भरलेले पात्र दिसू लागले म्हणून तिथे बसावेसे वाटले आणि बसावेसे वाटले म्हणून बाग झाली. बाग ही पाण्याची पाहुणी होती. पाण्याला झाकण्यासाठी, बांधून घालण्यासाठी किंवा त्याचा वास विसरायला लावण्यासाठी ती केलेली नव्हती.

मग उलटे कधी झाले? माझ्या मते त्याची सुरुवात खडकवासल्यापासून आहे. १८७०च्या दशकात मुठेवर खडकवासल्याचे धरण झाले, कालवे निघाले, कॅम्पाला आणि शहराला वरून पाणी येऊ लागले. ही मोठी सोय झाली यात शंका नाही. पण ज्या दिवशी शहराने बंडगार्डनजवळच्या नदीचे पाणी प्यायचे सोडले, त्या दिवशी तिला स्वच्छ ठेवण्याचे त्याचे कारणही संपले. आपल्या घरातले उदाहरण घ्या. ज्या आडाचे पाणी आपण पितो त्यात कुणी कचरा टाकला तर अख्खी गल्ली भांडायला उठते. नळ आला की त्याच आडात वर्षभराच्या आत मोडक्या खुर्च्या आणि निर्माल्य जमा होते. मुळा-मुठेचे तेच झाले, फक्त एका गल्लीऐवजी लाखो घरांनी मिळून ते केले.

आता यात इंदापूरचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध असा की, खडकवासल्याचे पाणी आमच्याकडे दोन वाटांनी यायचे असते. एक वाट कालव्याची. मुठेचा उजवा कालवा हवेली, दौंड ओलांडून इंदापूर तालुक्यापर्यंत येतो, आणि आम्ही त्याच्या शेपटाला आहोत. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला या चार धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी पाणी मावते. वरचे शहर वाढले तसा त्यातला शहराचा वाटा वाढत गेला, आणि कालव्याचे आवर्तन शेपटापर्यंत केव्हा आणि किती पोचणार हा दर उन्हाळ्यात भांडणाचा विषय झाला. दुसरी वाट नदीची. शहराने वापरलेले पाणी गटारांतून नदीत, बंडगार्डनच्या बंधाऱ्यावरून खाली, थेऊरला थोरल्या माधवरावांच्या शेवटच्या मुक्कामावरून पुढे, रांजणगाव सांडसला भीमेत, दौंडवरून भिगवणला आणि तिथून उजनीच्या फुगवट्यात. या वाटेने मात्र पाण्याला कधी उशीर होत नाही. त्याचे आवर्तन बारमाही आहे. स्वच्छ पाण्याची वाट बघायची आणि घाण पाणी न मागता घ्यायचे, असा हा हिशेब आहे.

मधल्या वाटेवर एक तडजोड झाली तीही सांगितली पाहिजे. बंडगार्डनच्या खाली मुंढव्याला जॅकवेल बांधून, शुद्ध केलेले ६.५ टीएमसी सांडपाणी जुन्या कालव्यात, म्हणजे ज्याला सगळे बेबी कालवा म्हणतात त्यात, शेतीसाठी सोडायचे असे ठरले. कल्पना मुळात वाईट नव्हती. शहराने धरणातून जास्त घ्यावे, त्याबदल्यात वापरलेले पाणी शुद्ध करून शेताला परत करावे. जगात अनेक ठिकाणी असे होते. पण या कल्पनेचा सगळा भार 'शुद्ध करून' या दोन शब्दांवर आहे. ते शब्द कागदावर राहिले की शेतकऱ्याच्या विहिरीला फेस येतो.

उजनीचा फुगवटा मी लहानपणापासून पाहतो आहे. आमच्या सोयऱ्याधायऱ्यांतल्या कित्येकांच्या जमिनी त्याखाली गेल्या. १९८० साली पुरे झालेले हे धरण तसे माढा तालुक्यात, पण त्याचे पाणी पसरले ते इंदापूर, दौंड, करमाळ्याच्या गावांवर. एकूण साठा ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ पाण्यात गेले. दुष्काळात ते वर येते. २०२४च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेले तेव्हा लोक त्याच्या दर्शनाला चिखल तुडवत गेले. त्याच मे महिन्यात कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यानची होडी वादळात उलटली आणि सहा माणसे गेली. पुण्यात दर दोन-चार फर्लांगांवर नदी ओलांडायला पूल आहे. इथे तीच नदी पसरून समुद्रासारखी झाली आणि माणसे होडीत बसून जिल्हा ओलांडतात. हे थोडे विषयांतर झाले खरे, पण नदीवर कुणाला काय मिळते हे तोलताना विसरता येण्यासारखे नाही.

या पाण्याचा रंग उन्हाळ्यात हिरवा होतो. शेवाळाचा थर काठाला लागतो, त्याचा वास येतो आणि त्यात हात घातलेल्यांच्या अंगाला खाज सुटते. भिगवणचे जुने मच्छीमार सांगतात की, पूर्वी जाळ्यात किती जातींचे मासे यायचे ते मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरत नसत. आता जाळे ओढले की चिलापीच चिलापी. अलीकडे तर शहरातल्या काचेच्या टाकीतून कुणीतरी सोडून दिलेला, काटेरी पाठीचा 'हेलिकॉप्टर' मासा जाळी फाडतो आहे. रोहित पक्षी येतात, त्यांचे फोटो छापून येतात आणि त्या फोटोंत पाणी निळे दिसते. बाहेरून येणाऱ्याला वाटते, काय हे वैभव! सोलापूर शहर आणि काठची कित्येक गावे हे पाणी पितात. आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेला पाणी हवे म्हणून उजनीतून सोडले जाते तेही हेच. म्हणजे पुण्यातल्या कुणा सदनिकेतले मोरीचे पाणी बंडगार्डनचा बंधारा ओलांडून, आमच्या दारावरून, शेवटी वारकऱ्याच्या ओंजळीत जाते. यात अतिशयोक्ती नाही, हा नुसता भूगोल आहे.

आता चालू विषयाकडे येतो. पुणे महापालिकेने मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरच्या काठाचे सुशोभीकरण हाती घेतले आहे. अहमदाबादच्या साबरमतीचा नमुना समोर आहे, सल्लागारही तिथलेच. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. काम आधी सुरू झाले ते संगमापासून बंडगार्डनपर्यंतच्या आणि तिथून खालच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या याच ऐतिहासिक बागेच्या आजूबाजूला. काठ भरून घेणे, दगडी बांधकाम, पायऱ्या, फिरायचे रस्ते, दिवे, बाके. झाडे जाणार म्हटल्यावर २९ एप्रिल २०२३ रोजी हजारो पुणेकर 'चिपको'चे नाव घेऊन रस्त्यावर उतरले. पुण्यात सहीची मोहीम निघणे नवे नाही, पण उन्हात एवढी माणसे झाडांसाठी चालावीत हे नवे होते.

या प्रकल्पाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मी टाळू इच्छित नाही, कारण त्यात तथ्य आहे. नदीकाठ आज आहे तरी कसा? राडारोड्याचे ढीग, प्लास्टिक, जलपर्णी, डास. संध्याकाळी कुटुंब घेऊन जाता येईल अशी जागा शहरात उरलेली नाही. दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला फुकटात मोकळी हवा मिळणार असेल तर त्याला नाक मुरडण्याचा अधिकार गच्चीवाल्यांना नाही. काठ लोकांच्या नजरेत आला म्हणजे अतिक्रमण थांबेल, हाही मुद्दा खोटा नाही. बंडगार्डनच त्याची साक्ष देईल. तिथे बाग होती म्हणून तेवढा काठ दीडशे वर्षे शाबूत राहिला; नसती तर केव्हाच तिथे इमारती उभ्या राहिल्या असत्या.

माझा आक्षेप आहे तो क्रमाला. नदीत जाणारे मैलापाणी अडवण्याचा प्रकल्प जपानच्या 'जायका' संस्थेच्या साहाय्याने मंजूर झाला तो २०१६च्या सुमारास. ११ शुद्धीकरण केंद्रे आणि दिवसाला ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता अशी ती योजना. ती आधी पुरी व्हायची होती. प्रत्यक्षात वर्षामागून वर्षे निविदांत आणि जागेच्या घोळात गेली आणि काठाच्या पायऱ्या डोळ्यांना दिसू लागल्या तेव्हाही पाण्याचे काम अपुरेच होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यात ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातले, देशात सर्वांत जास्त. मुळा, मुठा, भीमा, नीरा ही सगळी नावे त्यात आहेत. घरात आजारी माणूस आहे आणि आपण त्याला औषध द्यायच्या आधी नवे कपडे शिवायला टाकले आहेत, असे हे चालले आहे.

दुसरा प्रश्न पुराचा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल, हे आता वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक झाले आहे. काठ आत सरकला की पात्र अरुंद होते आणि अरुंद पात्रातले पाणी वर चढते. यासाठी अभियंता असण्याची गरज नाही, स्वयंपाकघरातली पातेली पुरतात. पसरट परातीतले पाणी लोट्यात ओतून पाहावे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत माणसे पहाटे झोपेतून उठली ती पाण्यातच. ती जागा बंडगार्डनहून बरीच वर आहे आणि त्या पुराला सुशोभीकरण कारण झाले असे मी म्हणत नाही. पण नदी आपली जागा अजून विसरलेली नाही, एवढे त्या पहाटेने दाखवून दिले.

साबरमतीचे नाव घेतात म्हणून तिच्याविषयीही थोडे. तिथला काठ देखणा आहे, मी नाकारत नाही. पण अहमदाबादपुढे भरलेले जे पाणी दिसते ते मुख्यतः नर्मदेच्या कालव्याचे आहे. पुण्याजवळ अशी दुसरी नर्मदा नाही. ज्या धरणांतून पात्र भरायचे त्याच धरणांवर आमचे आवर्तन आहे. म्हणून शोभेसाठी पात्र भरलेले ठेवायचे म्हणतात तेव्हा आमच्याकडचा माणूस कान टवकारतो. जर्मनीतल्या म्युनिक शहराने तर उलटा मार्ग धरला. इझार नदीला त्यांनी जुन्या काळी काँक्रीटच्या काठांत बसवली होती. २००० ते २०११ या काळात शहरातल्या आठ किलोमीटरच्या पट्ट्यात त्यांनी ते काठ फोडले, पात्र रुंद केले, गोटे आणि वाळूचे उतार परत आणले आणि वरच्या गावांच्या शुद्धीकरणाची केंद्रे सुधारली. आता उन्हाळ्यात लोक तिथे पोहतात. तेही सुशोभीकरणच आहे. फक्त त्यांनी भिंत काढून केले.

हे सगळे बारामतीकरांनी का वाचावे? कारण बारामतीतही कऱ्हेच्या काठाचे काम चालले आहे. संरक्षक भिंती, घाट, फिरायचे मार्ग. कालव्याचा शहरातला भागही सजवला गेला. हौस आहे, पैसा आहे, आणि मनात आणले ते करून दाखवायची बारामतीची सवय साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. म्हणूनच चूक झाली तर तीही नेटकी आणि पक्की होईल, अशी मला भीती वाटते.

कऱ्हा ही मोठी नदी नव्हे. पुरंदरात गराड्याकडे उगम पावून, सासवड, जेजुरीवरून, नाझऱ्याच्या धरणातून ती बारामतीला येते आणि सोनगावला नीरेला मिळते. ब्रह्मदेवाच्या कमंडलूतून ती निघाली अशी कथा आहे. पण कमंडलूत मावेल एवढेच पाणी तिच्यात वर्षाचे बरेच महिने असते. तरी तिच्या काठाला मराठीचे किती वैभव! पेशव्यांचे सावकार आणि सोयरे बाबूजी नाईक यांचा कोटासारखा वाडा तिच्या काठी आहे. त्यांच्याच आश्रयाने मोरोपंतांनी बारामतीत आयुष्य काढले आणि आर्येमागून आर्या रचल्या. वर सासवडच्या आचार्य अत्र्यांनी तर आत्मचरित्रालाच 'कऱ्हेचे पाणी' हे नाव दिले. आज ते पाणी बाटलीत भरून कुणाला भेट द्यावी अशी स्थिती नाही, हा भाग वेगळा.

आणि ही कोरडी नदी उठते तेव्हा कशी उठते, तेही बारामतीने पाहिले आहे. सप्टेंबर २०१९च्या अखेरीस पुरंदरात ढग कोसळले, नाझऱ्यातून लोंढा आला आणि बारामतीत काठच्या हजारो माणसांना रात्री हलवावे लागले. मे २०२५ मध्ये तर मृगाच्या आधीच अवकाळीने असा कहर केला की नीरेचा डावा कालवा पिंपळीजवळ फुटला आणि शेतांतून, घरांतून पाणी गेले. १८८५ पासून वाहणारा हा कालवा. त्याच्या झिरप्यावर बारामती-इंदापूरच्या हजारो विहिरी जगल्या, म्हणूनच त्याला काँक्रीटचे अस्तर लावायचे म्हटल्यावर शेतकऱ्यांनी विरोध केला. अधिकाऱ्याला गळती दिसते तीच शेतकऱ्याला विहीर दिसते. नदीकाठाचेही तसेच आहे. नकाशावर जी 'वाया गेलेली' ओबडधोबड पट्टी दिसते तिथेच पूर मुरतो, वाळुंज आणि करंज माती धरून ठेवतात, गुरे उतरतात, खंड्या बिळे करतो.

आपल्याकडे नदीकाठी बागा नव्हत्या असे म्हणतात, ते मला पुरते पटत नाही. साहेबाची हिरवळ नव्हती, हे खरे. पण आपल्याकडे घाट होते, पाण्यापर्यंत नेणारे. देवळे होती, पार होते. उन्हाळ्यात पात्र उघडे पडले की वाळूत काकडी-कलिंगडाच्या वाड्या होत. उजनीच्या उघड्या पडलेल्या गाळात आजही लोक गाळपेर करतात, आणि पाणी आले की ते मुकाट्याने मागे सरतात. नदीशी वागण्याची ही एक रीत होती. ती तिची जागा तिच्यासाठी ठेवून, उसनी मागून वापरायची. बंडगार्डनच्या उतरत्या काठातही तीच समज दिसते. पूर आला तर हिरवळ बुडेल, ओसरला की चिखल काढू. त्यासाठी कुणाचे घर बुडवायचे नाही.

तेव्हा कऱ्हेकाठी बाग करू नका असे माझे म्हणणे मुळीच नाही. जरूर करा. बायकामुलांना, म्हाताऱ्यांना संध्याकाळी बसायला जागा हवीच. पण नगरपरिषदेला आपण चार प्रश्न आधी विचारावेत. शहराचे किती सांडपाणी आज शुद्ध न होता कऱ्हेत जाते? भिंत निळ्या रेषेच्या आत आहे की बाहेर? २०१९ सारखा लोंढा आला तर सोनगावच्या बाजूच्या गावांत पाणी किती चढेल, याचे गणित कुणी मांडले आहे का? आणि पात्रात भरून दाखवायचे पाणी आणणार कुठून, कुणाच्या आवर्तनातून? याची उत्तरे आकड्यांत मिळाली तर पहिला नारळ फोडायला मी स्वतः येईन.

पुढच्या गावांचा विचार बारामतीने करायचा याला आणखी एक कारण आहे. कऱ्हा सोनगावला नीरेत जाते. नीरा सराटीवरून पुढे येते. तुकोबांची पालखी बारामती, निमगाव केतकी, इंदापूर करीत सराटीला पोचते तेव्हा पादुकांना स्नान याच नीरेत घालतात. नीरा नरसिंहपूरला, इंदापूर तालुक्याच्या टोकावर, ती भीमेला मिळते. म्हणजे पुण्याच्या बंडगार्डनवरून निघालेले पाणी आणि बारामतीच्या घाटावरून निघालेले पाणी अखेरीस एकाच नृसिंहाच्या पायऱ्यांशी येते. आजवर या संगमावर उभे राहून पुण्याला बोल लावणे आम्हाला सोपे होते. उद्या दुसऱ्या हाताच्या पाण्यालाही तसाच वास आला तर बोट कुणाकडे दाखवायचे?

एक स्वस्त सूचना करतो. त्यासाठी सल्लागार लागत नाही, निविदाही लागत नाही. बंडगार्डनच्या काठावर, जिथे लोक भेळ खायला थांबतात तिथे, एक दगडी पाटी लावावी. तिच्यावर एवढेच लिहावे: येथून खाली थेऊर, रांजणगाव सांडस, दौंड, भिगवण, पळसदेव, नरसिंहपूर, पंढरपूर. खाली त्या दिवशीच्या पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा, रोज खडूने लिहिलेला. तशीच एक पाटी बारामतीत बाबूजी नाईकांच्या वाड्याजवळ: येथून खाली सोनगाव, सराटी, नरसिंहपूर, पंढरपूर. आणि त्याखाली कऱ्हेचा आकडा. लिहिण्याचे काम जवळच्या शाळेतल्या मुलांना द्यावे. ती आकडा बदलून लिहिणार नाहीत.